गाणं एक, सिनात्रा पाच : जॅझ स्टँडर्ड्सविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जॅझ नव्याने ऐकू लागलेले आणि अमेरिकी गायक फ्रँक सिनात्राच्या जुन्या रेकॉर्डी जमवणारे, दोघांची गाडी एकाच ठिकाणी अडते : हे गाणं नक्की कुणाचं? ज्याने लिहिलं त्याचं, ज्याने पहिल्यांदा म्हटलं त्याचं, की ज्याच्या आवाजात ते आपल्या कानांत बसलं त्याचं? खालचे बहुतेक प्रश्न फिरून फिरून तिथेच येतात.

जॅझ स्टँडर्ड म्हणजे काय?

चार अनोळखी वादक एका रात्री एका मंचावर आले. एकाने गाण्याचं नाव घेतलं, दुसऱ्याने पट्टी विचारली, तिसऱ्याने चुटकीवर लय दिली आणि तालमीवाचून वाजवणं सुरू झालं. असं ज्या गाण्याच्या बाबतीत घडू शकतं ते स्टँडर्ड. कुठली समिती बसून ही यादी ठरवत नाही. पुरेशा लोकांनी, पुरेशी वर्षं, पुरेशा निरनिराळ्या तऱ्हांनी वाजवलं की गाणं आपोआप यादीत जातं.

मराठी माणसाला हे समजावायला नाट्यपद पुरतं. ‘स्वयंवर’ 1916 साली रंगभूमीवर आलं. आज ते नाटक पूर्ण पाहिलेले किती सापडतील? पण ‘नाथ हा माझा’ मैफलीत सुरू झालं की अर्धं सभागृह मान डोलवतं. शिवाय गाणारा ते बालगंधर्वांसारखंच गात नाही, आपल्या घराण्याप्रमाणे फुलवतो. नाटक मागे राहिलं, पद पुढे गेलं. अमेरिकेत अगदी हेच झालं.

म्हणजे ही गाणी मुळात जॅझची नव्हतीच?

बरीचशी नव्हती. ती न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या संगीत नाटकांसाठी किंवा हॉलिवूडच्या चित्रपटांसाठी लिहिलेली, पोटापाण्याची गाणी होती. त्यांची पेठ म्हणजे मॅनहॅटनमधला वेस्ट 28वा रस्ता. तिथे प्रकाशकांच्या कचेऱ्या एकमेकींना लागून होत्या, प्रत्येक खिडकीतून पियानो बडवल्याचा आवाज येई, आणि पत्र्याची भांडी आपटल्यासारख्या त्या गोंगाटावरून त्या भागाला ‘टिन पॅन अ‍ॅली’ हे टोपणनाव पडलं असं सांगतात. विकला जाणारा माल होता छापील नोटेशन. रेकॉर्डींचा धंदा नंतर वाढला.

जेरोम कर्न आणि ऑस्कर हॅमरस्टाइन यांचं ‘ऑल द थिंग्ज यू आर’ 1939च्या ‘व्हेरी वॉर्म फॉर मे’ या नाटकातलं. नाटक सपशेल पडलं, 59 प्रयोगांत गाशा गुंडाळला. गाणं मात्र आजही दर दुसऱ्या सॅक्सोफोनवाल्याला पाठ असतं. ‘समरटाइम’ जॉर्ज गर्श्विनच्या 1935च्या ‘पोर्गी अँड बेस’ या ऑपेरातलं. ‘बॉडी अँड सोल’ 1930चं. 11 ऑक्टोबर 1939 रोजी कोलमन हॉकिन्सने ते टेनर सॅक्सोफोनवर वाजवलं तेव्हा मूळ चाल फक्त सुरुवातीला जेमतेम ओळख दिल्यासारखी वाजवली आणि उरलेला वेळ तिच्याखालच्या कॉर्ड्सवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गुच्छांवर, स्वतःची चाल रचत गेला. ती रेकॉर्ड खपलीही भरपूर. चाल न वाजवताही गाणं वाजवता येतं, हे त्या दिवशी लोकांच्या कानांवर ठसलं.

थेट जॅझवाल्यांच्या हातून आलेली स्टँडर्ड्सही आहेतच : थेलोनियस मंकचं ‘राउंड मिडनाइट’, एरोल गार्नरचं 1954चं ‘मिस्टी’. ‘ऑटम लीव्ज’ तर फ्रान्सहून आलं. चाल जोसेफ कोस्माची, मूळ शब्द कवी झाक प्रेव्हेर यांचे, इंग्रजी शब्द जॉनी मर्सरचे.

‘32 बार’, ‘अ-अ-ब-अ’ हे काय प्रकरण आहे?

बार म्हणजे ठेक्याचं एक छोटं घर, बहुधा चार मात्रांचा. या गाण्यांचा मुख्य भाग अशा 32 बारांचा असतो आणि त्याचे आठ-आठचे चार तुकडे पडतात. पहिला तुकडा ‘अ’. तोच पुन्हा, शब्द बदलून. मग वेगळ्या दिशेने जाणारा ‘ब’, ज्याला पूल म्हणतात. आणि शेवटी परत ‘अ’. अस्ताई-अंतऱ्याची सवय असलेल्या कानाला हे जड जात नाही : ‘ब’ म्हणजे अंतऱ्याची उडी, शेवटचा ‘अ’ म्हणजे धृपदावर परतणं.

जॅझवाला हे 32 बार एका आवर्तनासारखे धरतो. एकदा चाल वाजवायची, मग तेच आवर्तन पुन्हा पुन्हा फिरवत त्यावर प्रत्येकाने आपली बढत करायची, शेवटी चालीवर परत यायचं. ऐकताना हरवलात तर मनात ‘ब’ कुठे येतो ते पकडा. तो सापडला की आपण कुठे आहोत ते कळतं.

दोन वेगळ्या नावांची गाणी आतून एकच कशी वाटतात?

कारण पुष्कळदा ती एकच असतात. गर्श्विनचं ‘आय गॉट रिदम’ 1930च्या ‘गर्ल क्रेझी’ नाटकातलं. त्याची कॉर्ड्सची साखळी वादकांना इतकी आवडली की तिच्यावर नव्या चालींचं पीक आलं. ड्यूक एलिंग्टनचं ‘कॉटन टेल’ त्याच साखळीवर उभं आहे, चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पीचं ‘अँथ्रोपॉलॉजी’ही. पार्करच्या नावाशी जोडलेलं ‘ऑर्निथॉलॉजी’ हे ‘हाउ हाय द मून’च्या साखळीवर आहे.

यात हौस होती तसा व्यवहारही होता. हक्क चालीवर आणि शब्दांवर मिळतो, कॉर्ड्सच्या क्रमावर नाही. जुनी साखळी घेऊन नवी चाल बसवली की मानधन नव्या चालीवाल्याचं.

व्हर्स म्हणजे कडवं ना?

नाही, आणि या एका शब्दाने फार गोंधळ केलाय. नाटकात पात्र बोलता बोलता गाऊ लागे. त्या दोन्हींच्या मधला सांधा म्हणजे व्हर्स : अर्धवट बोलल्यासारखी, लयीत सैल अशी प्रस्तावना. नंतर येणारा मुख्य भाग तो कोरस किंवा रिफ्रेन. नाटक गेलं तसा हा सांधाही बहुतेक गायकांनी गाळला.

यावर सिनात्राने एक झकास खोडी काढली. होगी कारमायकेलच्या ‘स्टारडस्ट’ची व्हर्स मुख्य चालीइतकीच सुंदर मानली जाते. 1962च्या ‘सिनात्रा अँड स्ट्रिंग्ज’ या तबकडीत त्याने फक्त व्हर्स म्हटली आणि थांबला. सगळं जग ज्याला ‘स्टारडस्ट’ म्हणून ओळखतं ते सुरूच होत नाही! पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं, माझी प्रतच कुठे तरी तुटली आहे.

वादकांना ही शेकडो गाणी पाठ कशी असतात?

काहींना असतात. बाकीच्यांकडे ‘रिअल बुक’ असतं. 1970च्या दशकात बॉस्टनच्या बर्कली कॉलेजच्या वर्तुळात कुणी तरी हाताने लिहून, झेरॉक्स काढून, परवानगी न घेता गाण्यांच्या नोटेशनचा हा गठ्ठा तयार केला. वर्षानुवर्षं तो टेबलाखालून विकला गेला. अधिकृत, हक्क चुकते केलेली आवृत्ती यायला 2004 उजाडलं. जुन्या प्रतीत चुका होत्या आणि त्या चुकांसकट पिढ्या वाजवत राहिल्या, त्यामुळे काही ठिकाणी चूक हीच आता परंपरा आहे.

क्रूनर कुणाला म्हणतात?

हळू, कानाशी बोलल्यासारखा गाणारा. इंग्रजीत ‘क्रून’ म्हणजे पाळण्याशी गुणगुणणं. ही गायकी जन्मली ती मायक्रोफोनमुळे. 1925पूर्वी रेकॉर्डिंग म्हणजे कर्ण्यात तोंड घालून खड्या आवाजात गाणं. हळू गायलात तर सुई मेणावर काही लिहीतच नसे. 1925 साली मोठ्या कंपन्यांनी विजेवरचं ध्वनिमुद्रण सुरू केलं आणि अचानक कुजबुजही रेकॉर्डवर उतरू लागली. आपल्याकडेही गोविंदराव जोशी, गजानन वाटवे यांचं भावगीत थिएटरच्या शेवटच्या रांगेसाठी नव्हतंच. ते घरातल्या ग्रामोफोनजवळ बसलेल्या माणसासाठी होतं.

रूडी व्हॅली, जीन ऑस्टिन आणि या सगळ्यांच्या वर बिंग क्रॉस्बी. समाजाला हे सरळ पचलं नाही. बॉस्टनच्या कार्डिनल ओ’कॉनेल यांनी 1932 साली क्रूनिंगवर जाहीर आगपाखड केली, पुरुषाने असं लाडेलाडे गावं हे त्यांना अधःपाताचं लक्षण वाटलं. रेडिओ अर्थातच चालू राहिला.

सिनात्रा या सगळ्यात कुठून आला?

12 डिसेंबर 1915, होबोकन, न्यू जर्सी. इटालियन स्थलांतरितांचा एकुलता एक मुलगा. क्रॉस्बी हा त्याचा आदर्श. 1939 साली तो न्यू जर्सीतल्या ‘रस्टिक केबिन’ नावाच्या रस्त्याकडेच्या ठिकाणी गात होता. तिथून ट्रंपेटवाल्या हॅरी जेम्सने त्याला आपल्या बँडमध्ये उचललं. जेम्सबरोबर त्या ऑगस्टमध्ये केलेलं ‘ऑल ऑर नथिंग अ‍ॅट ऑल’ तेव्हा कुणी विचारलं नाही, 1943मध्ये पुन्हा बाजारात आणल्यावर प्रचंड गाजलं.

1940च्या सुरुवातीला तो टॉमी डॉर्सीकडे गेला, आणि त्याची खरी शाळा तीच. डॉर्सी ट्रोम्बोनवर लांबच लांब वाक्यं अखंड वाजवी, श्वास कुठे घेतो ते दिसतच नसे. सिनात्रा मागे बसून त्याच्या पाठीकडे, कोटाच्या हालचालीकडे बघत राही. तोंडाच्या कोपऱ्यातून चोरून घेतलेला श्वास त्याने हेरला, मग पोहण्याच्या तलावात पाण्याखाली दम धरण्याचा सराव केला. पुढे तो दोन ओळी एका श्वासात जोडू लागला, कारण वाक्याचा अर्थ तिथे तुटत नव्हता. दम दाखवण्यासाठी दम नाही, शब्दासाठी दम. त्याच्या गाण्यातलं मला वाटतं हे सगळ्यात मोठं आहे.

डॉर्सीबरोबरचं ‘आय विल नेव्हर स्माइल अगेन’ 27 जुलै 1940च्या, ‘बिलबोर्ड’ या संगीत-व्यवसायाच्या नियतकालिकाच्या पहिल्यावहिल्या राष्ट्रीय विक्री-यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. ते लिहिलं होतं टोरांटोच्या रूथ लोव हिने, तरुण वयात नवरा गेल्यानंतर.

1943मधल्या त्याच्या रेकॉर्डींत वाद्यं का नाहीत?

वादकांचा बहिष्कार. रेकॉर्डी आणि ज्यूकबॉक्स (नाणं टाकून रेकॉर्ड वाजवायची पेटी) यांच्यामुळे प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांचं काम जातंय म्हणून वादक संघटनेने, जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली, 1 ऑगस्ट 1942पासून ध्वनिमुद्रण बंद केलं. डेक्का या रेकॉर्ड कंपनीने 1943मध्ये समेट केला, कोलंबिया आणि व्हिक्टर या कंपन्या नोव्हेंबर 1944पर्यंत अडून बसल्या. सिनात्रा जून 1943मध्ये कोलंबियात आला तो नेमका या कोंडीत. गायक त्या संघटनेत नव्हते, म्हणून वाद्यवृंदाच्या जागी मागे कोरस उभा करून रेकॉर्डी काढल्या. ऐकायला त्या थोड्या चर्चमधल्यासारख्या वाटतात. या बंदीने बँडचा मालक खाली गेला आणि गायक वर आला असं बरेच इतिहासकार मानतात. मला त्यात तथ्य दिसतं, पण युद्ध, पेट्रोलची टंचाई आणि सैन्यात गेलेले वादक हेही सोबतीला होतेच.

पॅरामाउंटचा दंगा म्हणतात तो काय?

12 ऑक्टोबर 1944. न्यूयॉर्कच्या पॅरामाउंट थिएटरबाहेर शाळकरी मुलींची हजारोंची गर्दी, आतल्या मुली खेळ संपला तरी खुर्च्या सोडेनात, रस्ता बंद, पोलीस. पुढे एल्विसला आणि बीटल्सना जे मिळालं त्याची ही आधीची फेरी.

कोणत्या कंपनीचा सिनात्रा घ्यावा?

हा प्रश्न दुकानदार ‘कुठला हापूस’ अशा सुरात विचारतात, आणि बरोबरच विचारतात, कारण कंपनी सांगितली की आवाज कळतो. डॉर्सीच्या काळातला (व्हिक्टर, 1940 ते 42) आवाज कोवळा आणि नितळ. कोलंबियाचा (1943 ते 52) मखमली. संयोजक अ‍ॅक्सल स्टॉर्डाल, तंतुवाद्यं, सगळं संथ. या काळाच्या शेवटी घसरण : घशाला दुखापत, कमी होणारी विक्री, 1951मध्ये कुत्र्याच्या भुंकण्याच्या नकलेसह एक गाणंही त्याच्या गळ्यात मारलं गेलं. मग करार संपला.

1953मध्ये कॅपिटॉलने जवळपास दयेनेच त्याला घेतलं. त्याच वर्षी ‘फ्रॉम हिअर टु इटर्निटी’ चित्रपट आला, त्यासाठी 1954मध्ये साहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. कॅपिटॉलचा हा काळ मला सर्वांत वरचा वाटतो. आवाजाचा पोत जाड झाला होता, कडा थोड्या खरखरीत, आणि शब्दांना वजन आलं होतं. 1960मध्ये त्याने स्वतःची ‘रिप्राइज’ कंपनी काढली. तिथे उत्तम आणि सुमार दोन्ही भरपूर आहे, निवडून घ्यावं लागतं. जॅझ बँडवाल्या काउंट बेसीबरोबरची, आणि 1967ची ब्राझीलच्या अँतोनियो कार्लोस जोबिमबरोबरची तबकडी डोळे मिटून घ्या. दुसऱ्या तबकडीत तो इतक्या हलक्या आवाजात गातो की पुन्हा क्रूनर या शब्दाचा मूळ अर्थ आठवतो.

नेल्सन रिडल कोण? सगळे त्याचंच नाव का घेतात?

संयोजक, म्हणजे अरेंजर. वाद्यवृंदातल्या प्रत्येकाने कुठल्या क्षणी काय वाजवायचं ते कागदावर लिहिणारा माणूस. गंमत अशी की 30 एप्रिल 1953च्या दोघांच्या पहिल्या बैठकीला सिनात्राची अपेक्षा बिली मे या दुसऱ्या संयोजकाची होती. मे दौऱ्यावर होता. रिडलने काही गाणी मेच्या ढंगात लिहून दिली आणि ‘आय हॅव गॉट द वर्ल्ड ऑन अ स्ट्रिंग’ आपल्या ढंगात. सिनात्राने ऐकलं आणि दोघांची जोडी जमली ती जमलीच.

रिडलचं मोठेपण ऐकायचं तर 12 जानेवारी 1956 ही तारीख शोधा. जागा हॉलिवूडचा मेलरोझ अ‍ॅव्हेन्यूवरचा केएचजे स्टुडिओ, गाणं कोल पोर्टरचं ‘आय हॅव गॉट यू अंडर माय स्किन’. पोर्टरने ते 1936च्या ‘बॉर्न टु डान्स’ चित्रपटासाठी लिहिलेलं, साधं नाजूक गाणं. रिडलने मध्ये एक लांब चढण बांधली, फ्रेंच संगीतकार राव्हेलच्या ‘बोलेरो’सारखी : आधी तंतुवाद्यं आणि बास ट्रोम्बोन एकच तुकडा घोळवत राहतात, त्यावर पितळी वाद्यं थर चढवतात, आणि शिगेला मिल्ट बर्नहार्टचा ट्रोम्बोन अक्षरशः फुटतो. मग सिनात्रा परत येतो तो पहिल्यासारखा सौम्य राहिलेला नसतो. हे गाणं ऐन वेळी यादीत आलं आणि रिडलने रेकॉर्डिंगला जाताना गाडीच्या मागच्या सीटवर नोटेशन पुरं केलं, असं सांगतात. टेक, म्हणजे पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करण्याच्या खेपा, झाले 22 च्या आसपास. बर्नहार्टची नंतरची तक्रार अशी की त्याचं सर्वोत्तम वाजवणं आधीच्या टेकमध्ये वाहून गेलं होतं. मग त्याला माइकच्या जवळ यावं म्हणून पेटीवर उभं केलं.

अल्बम ही कल्पना सिनात्राची का?

पूर्णपणे नाही, पण तिला अर्थ दिला त्याने. ‘अल्बम’ हा शब्दच फोटोच्या अल्बमवरून आला : मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकड्या पुठ्ठ्याच्या पाकिटांच्या पुस्तकात ठेवत. 1946च्या ‘द व्हॉइस ऑफ फ्रँक सिनात्रा’मध्ये अशा चार तबकड्या होत्या, आठ गाणी, सगळ्यांचा भाव एक. 1948मध्ये लाँग प्ले आली तेव्हा हा संच पहिल्या पॉप एलपींमध्ये होता.

आणि 1955चा ‘इन द वी स्मॉल अवर्स’. सोळा गाणी, एकही उडती नाही, सगळी पहाटे तीन वाजता जागं असलेल्या माणसाची. अभिनेत्री अ‍ॅव्हा गार्डनरबरोबरचा संसार मोडलेला होता, आणि ऐकणाऱ्यांनी दोन्हींची सांगड घातली. ती घालू नये असं मी म्हणणार नाही, मात्र एक लक्षात घ्या : शीर्षकगीत तेवढं नवं होतं. बाकी बहुतेक गाणी पंधरा-वीस वर्षांपूर्वीची, कुठल्या कुठल्या नाटकांतली. ती अशा क्रमाने लावली की एकाच माणसाची एकच रात्र वाटावी. विस्मरणात चाललेली गाणी ‘स्टँडर्ड’ म्हणून पक्की होण्यात या तबकड्यांचा, आणि 1956मध्ये कोल पोर्टरपासून सुरू झालेल्या जॅझ गायिका एला फिट्झजेराल्डच्या ‘साँगबुक’ मालिकेचा मोठा हात आहे.

सिनात्रा जॅझ गायक होता का?

स्वतःला तो ‘सलून सिंगर’ म्हणवत असे, म्हणजे गुत्त्यात गाणारा. तो एलासारखी निरर्थक अक्षरांची तानबाजी करत नसे, चालही फारशी मोडत नसे. या निकषावर नाही. पण लय! शब्द ठोक्यावर न ठेवता किंचित मागे, कधी किंचित पुढे ठेवायचा आणि पुढच्या समेला सगळं बरोबर मिळवायचं, हे तो गायिका बिली हॉलिडेकडून शिकला आणि ते ऋण त्याने उघड मान्य केलं. वाक्य कसं तोडावं हे ज्यांच्याकडून शिकलो असं जॅझ ट्रंपेटवाल्या माइल्स डेव्हिसने सांगितलं, त्यांत सिनात्राचं नाव आहे. वादक ज्याच्याकडून शिकतात त्याला मी जॅझच्या घरात बसवतो, दिवाणखान्यात नाही तर ओसरीवर तरी.

‘माय वे’ स्टँडर्ड आहे का?

लोकप्रिय आहे. मूळ चाल फ्रेंच, क्लोद फ्रांस्वाच्या 1967च्या गाण्याची. इंग्रजी शब्द पॉल अँकाचे, सिनात्राने ते 30 डिसेंबर 1968 रोजी रेकॉर्ड केलं. ते त्याला फारसं आवडत नसे असं त्याच्या मुलीने, टीनाने सांगितलं आहे. जॅझवाल्यांना त्यात हात घालायला जागा कमी सापडते, कारण गाण्याचा सगळा डोलारा एका माणसाच्या आत्मचरित्रावर उभा आहे. करिओकेवाल्यांना सापडते.

‘फ्लाय मी टु द मून’ सिनात्राचंच ना?

बार्ट हॉवर्डचं, 1954चं. तेव्हा नाव होतं ‘इन अदर वर्ड्स’ आणि ठेका तीन मात्रांचा, वॉल्ट्झचा. काउंट बेसीच्या बँडसह 1964मध्ये क्विन्सी जोन्सने सिनात्रासाठी ते चार मात्रांत बसवलं. आज कुणी तीन मात्रांत सुरू केलं तर लोकांना तोच बदल वाटतो.

रेडिओवर वाजलं की पैसे कुणाला?

अमेरिकेत एएम-एफएम रेडिओवर रेकॉर्ड वाजली तर मानधन गीतकार-संगीतकाराला मिळतं, गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला नाही. हे बदलावं म्हणून सिनात्राने उतारवयात इतर कलाकारांना पत्रं लिहून मोट बांधण्याचा प्रयत्न केला. नियम तसाच राहिला. दुसरीकडे, मंचावर गाणं कुणी लिहिलं आणि कुणी संयोजन केलं हे सांगण्याची त्याची सवय होती. ही सवय आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांनी उचलावी असं फार वाटतं.

ही जुनी गाणी आता मुक्त आहेत का?

1930 साली प्रसिद्ध झालेली गाणी 1 जानेवारी 2026पासून अमेरिकेत मुक्त झाली. त्यात ‘आय गॉट रिदम’ही आहे. पण मुक्त झालं ते गाणं, सिनात्राची किंवा आणखी कुणाची नंतरची रेकॉर्ड नव्हे. रेकॉर्डचा हक्क वेगळा चालतो.

मुंबई-गोव्याचा याच्याशी काही संबंध?

आहे आणि तो घट्ट आहे. 1935च्या सुमारास लिऑन अ‍ॅबीचा अमेरिकी बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला, मागोमाग क्रिकेट स्मिथ, पियानोवाला टेडी वेदरफोर्ड. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यानंतर त्या मंचांवर गोव्याचे वादक बसले. चर्चच्या शाळांत त्यांना लहानपणापासून नोटेशन वाचायला शिकवलेलं, त्यामुळे अमेरिकेतून आलेला छापील कागद त्यांच्या हातात पडला की गाणं तयार. हळदोण्याचा ट्रंपेटवाला अँटोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजला, लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

दारूबंदीने नाइटक्लबांची कंबर मोडली आणि हे वादक चित्रपटांच्या रेकॉर्डिंगकडे वळले. पुणतांब्याचे सी. रामचंद्र, म्हणजे आपले चितळकर, यांनी चिक चॉकलेटला बरोबर घेतलं. 1951च्या ‘अलबेला’तलं ‘शोला जो भडके’ ऐका, त्यातली पितळी वाद्यं कुठल्या शाळेत शिकली ते कानाला लगेच कळतं. रिडल जे काम करत होता ते इथे सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड करत होते. पडद्यावर मोठ्या अक्षरांत नाव येई संगीतकाराचं. म्हणजे ‘गाणं कुणाचं’ हा प्रश्न दादरच्या स्टुडिओतही होताच. 1978मध्ये निरंजन झवेरी आणि मंडळींनी जॅझ यात्रा सुरू केली, धोबी तलावाजवळच्या रंगभवनात सॉनी रोलिन्स वाजवून गेला.

जुनी एलपी घेताना काय बघू?

तीन गोष्टी. एक, 1957च्या आधीचा कॅपिटॉल सिनात्रा ‘स्टिरिओ’ म्हणून विकत असतील तर तो बनावट स्टिरिओ आहे. कंपनीने नंतर मोनो, म्हणजे एकाच वाटेने येणाऱ्या, ध्वनीचे दोन तुकडे करून ‘ड्युओफोनिक’ नावाने विकला, आवाज विहिरीतून आल्यासारखा लागतो. मोनोच घ्या. त्याची खऱ्या स्टिरिओतली पहिली तबकडी 1957ची ‘व्हेअर आर यू?’.

दोन, 1963च्या ‘सिनात्राज सिनात्रा’ या रिप्राइजच्या तबकडीवर जुनी गाजलेली गाणी आहेत, पण पुन्हा गायलेली. ‘अंडर माय स्किन’ तिथेही आहे आणि ते 1956चं नाही. संकलनांमध्ये दोन्ही बिनदिक्कत मिसळतात. मी स्वतः एकदा 1956चं समजून 1963चं घेतलं आणि आठवडाभर ट्रोम्बोनला दोष देत बसलो.

तीन, तबकडी तिरपी धरून उजेडात बघा. पाकिटाच्या देखणेपणावर जाऊ नका.

सुरुवात कुठून करू? एकच गाणं सांगा.

‘नाइट अँड डे’. कोल पोर्टरने 1932च्या ‘गे डिव्होर्स’ नाटकात फ्रेड अस्टेअरसाठी लिहिलेलं. 32 बारांचा नियम मोडून 48 बारांचं, आणि व्हर्समध्ये एकच सूर घड्याळाच्या टिकटिकीसारखा वाजत राहतो. रस्टिक केबिनच्या दिवसांत समोर प्रत्यक्ष पोर्टर बसलेला पाहून सिनात्रा याचेच शब्द विसरला, हा किस्सा तो स्वतः सांगे.

आधी 1942चं ऐका, स्टॉर्डालच्या संयोजनातलं, त्याने एकट्याच्या नावावर केलेल्या पहिल्या चार गाण्यांपैकी एक : सव्वीस वर्षांचा मुलगा, स्वतःच्या आवाजाच्या प्रेमात. मग रिडलबरोबरचं 1956चं, ते हसतं आणि धावतं. मग 1961चं, डॉन कोस्टाच्या तंतुवाद्यांत बुडालेलं. 1977चं डिस्कोवालं एकदाच ऐका, हसून सोडून द्या. शेवटी 5 जून 1962ची पॅरिसमधली मैफल घ्या : सगळे वादक थांबलेत, एकटा अल व्हायोला गिटारवर, आणि सिनात्रा शब्द असे ठेवतो की त्या सुराची टिकटिक आता बाहेरच्या घड्याळाची राहत नाही. ती मैफल तबकडीवर यायला 1994 उजाडलं.